आधी फाइल, मग एआय

प्रिय मुली,

तुझा मेसेज वाचला. फोनवर दोन वाक्यांत उत्तर देऊन मोकळं होण्यासारखा नव्हता, म्हणून हे पत्र. (मुन्शीजींना सांगून टाइप करून घेतलेलं नाही, मीच बडवलंय. शुद्धलेखनावरून मला धरू नकोस.)

बार रूममध्ये एका ज्येष्ठांनी चारचौघांत तुला ऐकवलं, "तुमच्या पिढीला डोकं कशाला लागतं, मोबाइल आहे ना." ते तुला लागलं. घरी बाबा रोज एक व्हिडिओ पाठवतात, की एआय शिकली नाहीस तर घरी बसशील. आजी म्हणते, त्या डब्याशी काय गुलुगुलु बोलत असतेस. आणि तू मला विचारतेस, मॅडम, ऐकू कोणाचं?

ऑपरेटिव्ह पार्ट, म्हणजे निकालातला शेवटचा आदेश, आधी वाचते, कारणं मागाहून. तिघांपैकी कोणाचंच मत जसंच्या तसं उचलू नकोस. पण तिघं तसं का बोलतात ते समजून घे. उद्या तुझ्यासमोर बसणारी पार्टी म्हणजे पक्षकार, डायसवरचे जज आणि पलीकडच्या बाजूचा वकील याच तीन वयांतले असणार आहेत.

त्या ज्येष्ठांपासून सुरुवात करू. ते माझ्या सरांच्या पिढीतले. त्या पिढीचं सगळं वैभव डोक्यात होतं. एआयआर, म्हणजे निवाडे छापणारं 'ऑल इंडिया रिपोर्टर', आपल्या नागपुरातून निघतं आणि त्याचे खंड १९१४ पासूनचे आहेत, हे तुला कॉलेजात कोणीतरी सांगितलं असेल. सरांच्या धरमपेठेतल्या ऑफिसात ते खंड छतापर्यंत होते. आम्ही जुनिअर शिडीवर चढून डायजेस्ट, म्हणजे निवाड्यांची विषयवार सूची, चाळायचो आणि सर खाली खुर्चीत बसून डोळे मिटून सांगायचे, "त्याच्या पुढचा खंड घे, डाव्या पानावर आहे." बहुतेक वेळा असायचं. एवढी स्मरणशक्ती कमवायला त्यांचं अख्खं तारुण्य गेलं. आता काल वकिलीची सनद घेतलेली मुलगी फोनवर बोट फिरवून तीच गोष्ट काढते. वर तिला वाटतं की आपण आणि सर एका पातळीवर आलो. त्या टोमण्यात राग आहे तो याचा. तो गैरवाजवी आहे असं मी म्हणणार नाही. तू मात्र तो अंगावर घेऊ नकोस.

आणि एक गंमत सांगते. याच पिढीतले कितीतरी लोक एआय वापरतात, फक्त सांगत नाहीत. नातवाने फोनमध्ये घालून दिलेलं असतं. डोळ्यांना बारीक अक्षर दिसत नाही म्हणून निकाल मोठ्याने वाचून घेतात, बोलून टिपणं उतरवून घेतात, डॉक्टरांनी लिहिलेली गोळी कशाची ते विचारतात. बार रूममध्ये येऊन पुन्हा "आमच्या वेळी" सुरू. चालू दे. त्यांना उघडं पाडायला जाऊ नकोस.

माझ्या पिढीचं वेगळंच. आम्ही टाइपरायटरच्या कार्बन कॉपीतून कॉम्प्युटरवर आलो, मग सीडी आली, मग ऑनलाइन डेटाबेस. तेव्हा आमच्याही वाट्याला टोमणे आलेच: सीडीवर सापडलेल्या केसला वजन नसतं म्हणे! त्यामुळे नवीन यंत्राची आम्हाला तशी धास्ती नाही. पण आमच्यातल्या फार जणांची एक जुनी जखम आहे, तिच्यावर कोणी बोलत नाही. काटोल, उमरेड, हिंगणघाट, आर्वीकडून मराठी शाळेत शिकून आलेले आम्ही. कायदा येत होता, पक्षकाराचं दुःख कळत होतं, पण हायकोर्टाची पिटिशन इंग्रजीत. ड्राफ्टमधल्या आर्टिकल आणि प्रिपोझिशनवर लाल शाई फिरवून घेण्यात आमची उमेदीची वर्षं गेली. आज तोच माणूस आपलं मोडकंतोडकं इंग्रजी एआयला देतो आणि अर्ध्या मिनिटात तुकतुकीत परिच्छेद हातात येतो. मानगुटीवर बसलेलं भूत उतरावं तसं वाटतं त्याला. हे सुख खरं आहे, कोणी त्याला नावं ठेवू नयेत. पण हे सुख घेताना तो केबिनचं दार लोटून घेतो, कारण जुनिअरला कळलं तर काय म्हणेल! सर्वांत जास्त वापर आमच्याच वयात आहे असा माझा अंदाज आहे, आणि सर्वांत जास्त लपवाछपवीही.

आता तुमची पिढी. लोक म्हणतात तुम्हाला याचं काही वाटत नाही, तुम्ही हे घेऊनच जन्मलात. मला उलट दिसतं. तुमच्याइतकं सहज कोणी वापरत नाही आणि तुमच्याइतकं कोणी घाबरतही नाही. सरांना पक्षकार आहेत, मलाही बरे आहेत. आमच्या पोटावर पाय येणार नाही. जुनिअरचं काम म्हणजे काय? रिसर्च, घटनाक्रम, मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर, मोठ्या निकालाचा दोन पानी सारांश. नेमकं हेच यंत्राला येतं. वारंग्याच्या लॉ युनिव्हर्सिटीतून किंवा रविनगरच्या कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या मुलांना हे कळतं. "नवीन तंत्रज्ञान आलं की नवीन कामंही येतात" हे छापील उत्तर मी तुला देणार नाही. येतीलही. पण सनद मिळाल्यानंतरची पहिली पाच वर्षं त्यावर निघत नाहीत.

वयावर सगळं ठरतं, हे मात्र मला पटत नाही. आपल्याच गावचं उदाहरण घे. शरद बोबडे नागपूरचे, १९५६ चा जन्म, आपल्याच हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात वकिली केलेली. ते सरन्यायाधीश असताना नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकालांच्या भाषांतरासाठी 'सुवास' आणलं आणि एप्रिल २०२१ मध्ये फाइलींतून मुद्दे शोधून देणारं 'सुपेस'. साठी ओलांडलेल्या माणसाने हे केलं. निर्णय मात्र न्यायाधीशाचाच, त्यात यंत्राने यायचं नाही, हेही त्यांनी तेव्हाच स्पष्ट केलं होतं. पुढे फेब्रुवारी २०२३ मध्ये शिवसेनेतल्या फुटीच्या प्रकरणाची सुनावणी घटनापीठासमोर चालली तेव्हा युक्तिवाद एआयने जागेवरच लिहून घेतले आणि समोरच्या पडद्यावर दिसत होते.

आणि चुका? त्याही वय बघून होत नाहीत. चॅटजीपीटी लोकांच्या हाती आलं ३० नोव्हेंबर २०२२ ला. पुढच्या जूनमध्ये न्यूयॉर्कच्या एका न्यायाधीशाने दोन वकिलांना आणि त्यांच्या फर्मला मिळून ५,००० डॉलरचा दंड केला. विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात त्या वकिलांनी दाखवलेले निवाडे जगात कुठेच नव्हते. ज्याने ते यंत्राकडून घेतले तो कोणी पोरगा नव्हता, तीस वर्षांहून जास्त वकिली झालेला माणूस होता. त्याने यंत्रालाच विचारलं होतं की हे निवाडे खरे आहेत ना, आणि यंत्राने हो म्हटलं होतं! आपल्याकडे २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आयकराचा एक आदेश रद्द केला. त्यातही अस्तित्वात नसलेल्या निवाड्यांचा आधार होता. त्याच वर्षी जुलैमध्ये केरळ उच्च न्यायालयाने जिल्हा न्यायालयांसाठी धोरणच काढलं, की निष्कर्ष काढायला आणि आदेश द्यायला एआय वापरायचं नाही.

हे का होतं ते तुला माझ्यापेक्षा जास्त कळत असेल. यंत्र निवाडा शोधत नाही, निवाड्यासारखा दिसणारा मजकूर तयार करतं. वर्ष, खंड, पान, पक्षकारांची नावं, सगळं जिथल्या तिथे. आपल्या धंद्यात तर सायटेशनचा, म्हणजे निवाड्याच्या संदर्भाचा, आकारच ठरलेला, त्यामुळे नक्कल फार बेमालूम होते. हल्ली लिंक दाखवणारी साधनं आली आहेत, त्यांनी थोडा फरक पडतो. पण लिंक खरी आणि तिच्यातला निकाल भलत्याच मुद्द्यावर, हेही होतं.

दुसरी जागा सांगते जिथे सगळ्या पिढ्या सारख्याच ठेचकाळतात. १ जुलै २०२४ ला नवे फौजदारी कायदे लागू झाले. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत, म्हणजे सीआरपीसीत, कलम ४८२ म्हणजे हायकोर्टाचे अंगभूत अधिकार, एफआयआर रद्द करून घ्यायला आपण तिथे जायचो. नव्या संहितेत ते ५२८ झालं आणि ४८२ वर कोण येऊन बसलं, तर अटकपूर्व जामीन! ज्येष्ठांच्या जिभेवर जुना आकडा, तुझ्या पुस्तकात नवा, आणि यंत्राने दोन्ही वाचलेले. ते कधी हा देतं, कधी तो, आणि दोन्ही वेळा तितक्याच ठामपणे. इथे सरांचं पाठांतर कामी येत नाही आणि तुझा फोनही नाही. उघडी संहिता टेबलावर ठेवायची, एवढंच.

आता मला खरं बोलायचंय त्याकडे येते.

आपल्या ऑफिसात भूसंपादनाचं एक प्रकरण आलं होतं, १८९४ च्या कायद्याखालचं, धरणात गेलेली जमीन. तू तेव्हा नव्हतीस. जुनिअरने सगळी फाइल स्कॅन करून एआयला दिली आणि घटनाक्रम काढून आणला. सुरेख होता. कलम ४ ची अधिसूचना, कलम ६ ची घोषणा, निवाडा (इथे म्हणजे मोबदला ठरवणारा भूसंपादन अधिकाऱ्याचा आदेश), तो कळवणारी कलम १२(२) ची नोटीस, मग मोबदला वाढवून मागायचा कलम १८ चा अर्ज, सगळ्या तारखा ओळीने. तुला माहीत आहे, निवाड्याच्या वेळी पार्टी हजर नसेल तर नोटीस मिळाल्यापासून सहा आठवडे किंवा निवाड्यापासून सहा महिने, यांतलं जे आधी संपेल ती मुदत. तक्त्याप्रमाणे अर्ज उघड उघड मुदतबाह्य होता. जुनिअर म्हणाला, मॅडम, यात काही दम नाही, पार्टीला परत पाठवू.

मी मूळ फाइल मागवली. संशय होता म्हणून नव्हे, सवय म्हणून. सरांच्या ऑफिसात नोटीस वाचायची म्हणजे आधी उलटी करायची. पुढच्या बाजूला सरकारचं म्हणणं असतं आणि बजावणीचं खरं काय झालं ते पाठीवर, बेलिफाच्या नाहीतर कोतवालाच्या अक्षरात. उलटली तर फिक्या निळ्या शाईत शेरा होता: सदर इसम मयत असल्याचे शेजाऱ्यांनी सांगितले, नोटीस दारास चिकटवली, खाली एका पंचाचा अंगठा. स्कॅन करणाऱ्या पोराने फक्त पुढच्या बाजू घेतल्या होत्या. यंत्राला दिसलंच नव्हतं, त्याने सांगणार काय? नोटीस मेलेल्या माणसाच्या नावाने निघालेली, वारस तेव्हा मजुरीला बाहेरगावी. आणि निवाड्याची तारीख म्हणजे पार्टीला तो कळला किंवा कळायला हवा होता ती तारीख, हे सर्वोच्च न्यायालयाने राजा हरिश्चंद्र राज सिंग प्रकरणात केव्हाच सांगून ठेवलंय, एआयआर १९६१ एससी १५००. अर्ज मुदतीत आहे असं मांडायला जागा झाली.

यात एआयची चूक काढायची म्हटली तर काढता येणार नाही. जे दिलं त्याचा घटनाक्रम त्याने बिनचूक केला. जुनिअरचीही अक्कल कमी नव्हती. त्याला कागद उलटायला कोणी शिकवलं नव्हतं आणि शिकायची वेळही त्याच्यावर आली नव्हती, कारण ते कंटाळवाणं काम यंत्राने केलं होतं.

माझ्या आणि तुझ्या पिढीतला फरक मला दिसतो तो इथे. मी एआय वापरते तेव्हा माझ्याजवळ आधीचं काहीतरी असतं. गळलेलं पान मला खुपतं, एखादी तारीख फार सोयीची वाटली की मी थांबते. हे हुशारीने आलेलं नाही. सदर भागातल्या एका कोंदट खोलीत धूळ खात फाइली वाचून आलंय, आणि त्या वेळी मला ते काम शिक्षा वाटायचं. तुझ्या वाट्याचं ते काम यंत्राने काढून घेतलं. त्याबरोबर त्यातून फुकट मिळणारं शिक्षणही गेलं, आणि त्याची भरपाई कोणी देत नाही. तुझे सिनियर देणार नाहीत, मीसुद्धा रोजच्या बोर्डाच्या, म्हणजे त्या दिवशीच्या केसेसच्या, धावपळीत देईन असं वचन देत नाही. ते तुला ठरवून, जबरदस्तीने मिळवावं लागेल.

म्हणून तुला सांगते, पहिली काही वर्षं क्रम उलटा ठेव. आधी फाइल तू वाच, मागूनपुढून. घटनाक्रम हाताने लिही. मुद्दे काढ, कच्चा ड्राफ्ट कर, वाईट झाला तरी चालेल. मग एआयला बसव समोर आणि विरुद्ध बाजूचा वकील कर. त्याला सांग, माझ्या या ड्राफ्टची चिरफाड कर, मुदतीचा मुद्दा काढ, अधिकारक्षेत्राचा काढ. तिथे ते फार कामाचं आहे, आणि तुला ओशाळवाणं न करता सांगतं, जे कोणत्याही सिनियरला जमत नाही. पण पहिला ड्राफ्ट त्याने केला आणि तू तपासलास, तर तुझी नजर त्याने आखलेल्या रेघेवरूनच चालेल. जे त्याने लिहिलंच नाही ते तुला दिसणार नाही.

निवाडा वापरायचा तर पूर्ण वाचायचा, हेडनोट, म्हणजे वर छापलेलं टिपण, नाही आणि सारांश तर नाहीच. पुढे तो ओव्हररूल झालाय का, म्हणजे वरच्या किंवा मोठ्या पीठाने तो मोडीत काढलाय का, ते बघायचं. वेळ नसेल तर तो निवाडा कोर्टात घ्यायचा नाही. यात मी सूट देत नाही, हे तुला माहीत आहे.

आणि पार्टीचे कागद कोणालाही वापरता येणाऱ्या उघड्या एआयमध्ये टाकायचे नाहीत. नावं खोडून, गाव खोडून, तेही अडलं तरच. अशिलाने वकिलाला सांगितलेलं बाहेर जाऊ द्यायचं नाही. हे पूर्वी पुरावा कायद्याच्या कलम १२६ मध्ये होतं, आता नव्या साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये आहे. कौटुंबिक न्यायालयातल्या एखाद्या बाईने रडत रडत सांगितलेली गोष्ट कोणत्या तरी परदेशी सर्व्हरवर पडलेली तिला चालेल का, हे तिला विचारायची हिंमत असेल तर टाक.

वापरलंस तर मला सांग. "हा परिच्छेद एआयचा आहे" असं पेन्सिलने कडेला लिहिलंस तरी पुरे. मी ओरडणार नाही. लपवलेलं मात्र मला खपत नाही. आमच्या वयाच्या लोकांची लपवाछपवी वर सांगितलीच आहे, ती तुम्ही पुढे चालवू नका.

पक्षकारांचं थोडं. हल्ली पार्टी येते तीच हातात प्रिंट घेऊन. आजोबा खुर्चीत आणि नातू उभा, "मॅडम, चॅटजीपीटी म्हणते का आपली केस एकदम मजबूत आहे, मग हे काहून तारीखच देऊन राहिले?" आमच्यातले काही त्यांना तिथेच झापतात. तू झापू नकोस. प्रिंट घे, वाच. अर्धं बरोबरच असतं, आणि त्या नातवाने आजोबांसाठी रात्री बसून काढलेलं असतं. कुठे बरोबर आहे ते आधी सांग, मग आपल्या कागदांत काय वेगळं आहे ते दाखव. आजोबांकडे बघून बोल, नातवाकडे नाही. जमीन आजोबांची आहे. ते गप्प बसलेत म्हणजे त्यांना समजत नाही असं नव्हे. बऱ्याचदा वंशावळीतली जी गोष्ट सगळं प्रकरण फिरवते ती त्यांनाच माहीत असते, आणि ती कोणत्याच कागदावर नसते.

बाबांच्या व्हिडिओंबद्दल काय सांगू! ते काळजीने पाठवतात. एकदा त्यांना ऑफिसात घेऊन ये, आपण तर्रीपोहे मागवू आणि त्यांना तुझं काम बघू दे.

आजीबद्दल जरा गंभीरपणे. तिचं "डब्याशी बोलणं" तू हसण्यावारी नेलंस, पण एआयचा सर्वांत मोठा धोका आज तिच्याच वयाला आहे. व्हिडिओ कॉलवर खोटे पोलीस, मागे खोटं ठाणं, "तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडले, तुम्हाला डिजिटल अटक केली आहे." आता तर आवाजाचीही नक्कल होते, नातीच्या आवाजात "आजी, मी अडकलेय, पैसे पाठव." वकिलाच्या घरची आजी आहे ती, तिला हे तरी माहीत असलं पाहिजे की डिजिटल अटक असा प्रकार आपल्या कायद्यात नाही आणि पोलीस व्हिडिओ कॉलवर पैसे मागत नाहीत. १९३० हा सायबर तक्रारीचा नंबर मोठ्या अक्षरात लिहून फोनजवळ चिकटव. आणि तुमच्या दोघींत एक खुणेचा शब्द ठरवून ठेवा, घरातलाच कुठलातरी, जो बाहेरच्याला सुचणार नाही. पैशांचा फोन आला की आजीने आधी तो विचारायचा. हे शिकवताना तिला भीती घालू नकोस. बोलून प्रश्न विचारता येतो ते दाखव, मराठीत विचारू दे. पंचांगातलं काही विचारेल, चूक निघाली की त्या यंत्राची ती अशी हजेरी घेईल की तुलाच मध्ये पडावं लागेल. यंत्र चुकतं हे तिला एकदा स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं की फोनवरच्या खोट्या साहेबालाही ती उलट प्रश्न विचारेल.

सोमवारी उमरेडचा वाटणीचा दावा इश्यूवर, म्हणजे वादाचे मुद्दे ठरवायला, आहे. सातबारे, फेरफार आणि त्या दोन जुन्या वाटणीपत्रांची फाइल मुन्शीजींकडे आहे, उद्याच घेऊन जा. वंशावळ आणि घटनाक्रम आधी हाताने कर. त्यानंतर नावं बदलून एआयकडून कर, आणि दोन्ही घेऊन ये. जिथे जुळत नाहीत तिथे खूण करून ठेव. मी तेवढंच वाचणार आहे.

तुझी,
मॅडम